ब्रेकला तेल

मागच्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज आला. ‘रोज पहाटे पावणेसहाला पेपरवाल्याच्या सायकलचा ब्रेक किंचाळतो. लहान मुलं दचकून उठतात. सेक्रेटरींनी लक्ष घालावं.’ खाली अकरा अंगठे. मग एका काकांनी कायदा काढला. ध्वनिप्रदूषण नियम, 2000. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आणि रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. म्हणजे पावणेसहा ही कायद्यानं रात्रच. काकांची स्वतःची गाडी रिव्हर्स घेताना अख्ख्या पार्किंगला आरती ऐकवते, पण ती सहानंतर. असो.

त्या अकरा अंगठ्यांमध्ये एक माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर तोंडसुख घेणार आहे आणि त्या यादीत पहिलं नाव माझं आहे.

सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी पेपरवाल्या मुलाला गेटवर थांबवलं आणि आपल्याकडे सगळे देतात तोच सल्ला दिला. ‘ब्रेकला तेल घाल रे.’ पोरगा बारावीतला. ‘हो’ म्हणाला. मी तेव्हा माझी सायकल काढत होते. मी रोज सायकलनं ऑफिसला जाते, हेल्मेट घालते, तेव्हा सोसायटीत ‘सायकलमधलं कळणारी’ म्हणून माझी ख्याती. म्हटलं, थांब, माझ्याकडे आहे. पिशवीतून गंज काढायचा स्प्रे काढला आणि त्याच्या दोन्ही चाकांवर, ब्रेकच्या रबरांवर, रिंगेवर, सढळ हातानं मारला. त्यानं ब्रेक दाबून पाहिला. आवाज शून्य. ‘थँक्यू ताई’ म्हणाला. मी ग्रुपवर ‘झालं काम’ असं टाकलं. सतरा अंगठे.

आमच्या इमारतीत शिरायला उताराचा रॅम्प आहे. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला कुणाचंही मूल दचकून उठलं नाही. मुलगा हँडलला आणि कॅरिअरला पेपरांचे गठ्ठे लावून रॅम्पवरून खाली आला, दोन्ही ब्रेक दाबले, आणि चाकं तशीच फिरत राहिली. समोर खांब होता. त्यानं हात पुढे घातला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. परीक्षा सुरू होती. उरलेले पेपर त्यानं लेखनिक घेऊन दिले. ग्रुपवर त्या सकाळचा पहिला मेसेज होता : ‘कुणाच्या गाडीला लागलंय का ते बघून घ्या.’

रुग्णालयाचे पैसे मी भरले. त्याच्या आईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘तुम्ही चांगल्यासाठीच केलं असेल.’ शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सायकल दोन दिवस वॉचमनच्या खोलीशेजारी पडून होती. ती घेऊन मी जवळच्या एका टपरीवर गेले. तिथं एक चाचा बसतात. पत्र्याची पेटी, पाण्याची घमेली, टांगलेल्या ट्यूबा. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे फक्त हवा भरायला जायचे. ‘खरं’ काम काचेच्या दुकानात. चाचांनी रिंगेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, ‘कुणी घातलं हे?’ मी म्हटलं, मी. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तेल चेनला घालतात.’

त्या दिवशी, वयाच्या चौतिसाव्या वर्षी आणि दहा वर्षं रोज सायकल चालवल्यावर, ब्रेक का ओरडतो हे मी पहिल्यांदा नीट समजून घेतलं.

सारंगी बघितली असेल तुम्ही. तिच्या गजाला राळ लावतात. गज तारेवरून ओढला की राळेमुळे तार गजाला चिकटते, गजाबरोबर थोडी ओढली जाते, ताण वाढला की सुटते, मागे येते, पुन्हा चिकटते. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्यालाच आपण सूर म्हणतो. ब्रेकमध्ये हेच होतं. रबर फिरत्या रिंगेला धरतं, तिच्याबरोबर किंचित पुढे ओढलं जातं, सुटतं, पुन्हा धरतं. ब्रेकचा दांडा आणि चिमटाही त्याबरोबर थरथरतात, आणि त्या थरथरीचा वेग आणि त्या लोखंडाची स्वतःची लय जुळली की किंकाळी. खडू फळ्यावर किंचाळतो, लोखंडी खुर्ची फरशीवर ओढताना विव्हळते, तिथंही हेच चाललेलं असतं.

आता गजाला तेल लावा. सारंगी गप्प बसेल. कारण गजाची पकडच गेली. ब्रेकला तेल घातल्यावर आवाज जातो तो याच कारणानं. ज्या घर्षणानं आवाज होत होता, तेच घर्षण चाक थांबवत होतं. मी त्या पोराच्या सायकलीचा आवाज काढला नव्हता, ब्रेकच काढून घेतला होता.

आणि हा सल्ला आपल्या भाषेतच मुरलाय. लहानपणी सायकलच्या दुकानांवर पाटी असायची : ‘ओव्हरऑइलिंग करून मिळेल’. मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉलिंग, म्हणजे सगळे भाग सोडवायचे, साफ करायचे, झिजलेलं बदलायचं, पुन्हा जोडायचं. तोंडातोंडी त्यातलं ‘हॉल’ गेलं आणि ‘ऑइल’ आलं. चुकीनं झालं असेल, पण दुरुस्ती म्हणजे तेल ही आपली समजूत त्या पाटीइतकी नेमकी कुणीच लिहून ठेवलेली नाही.

तर चाचांनी काय केलं? आधी काहीच केलं नाही. सायकल उभी धरली, पुढचा ब्रेक दाबून ठेवला आणि हँडल पुढे-मागे हलवलं. हँडलखाली बारीक ‘टक’ झालं. कटोऱ्या सैल होत्या. म्हणजे ब्रेक दाबला की अख्खा चिमटाच डुलायचा, आणि डुलणारी कुठलीही गोष्ट थरथरायला मोकळीच असते. मग चाक फिरवून बघितलं, रिंग आउट आहे का. नव्हती. मग रबरं काढली. पुढच्या रबरात, तेलाखाली, धातूचे दोन बारीक कण रुतले होते. रिंगेवरून सुटलेला किस रबरात अडकतो आणि मग उलट रिंगच खरवडायला लागतो. रबरांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झालेला. आणि रबरं बसवलेली अशी, की आधी मागचं टोक रिंगेला टेकायचं.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि फार थोड्यांना माहीत असलेलं. चाक ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेचं, म्हणजे रबराचं पुढचं टोक रिंगेला आधी टेकलं पाहिजे. मागचं टोक तेव्हा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर सुटं हवं. मग जोरात दाबल्यावर रबर हळूहळू पूर्ण बसतं आणि थरथर सुरू व्हायला वाव मिळत नाही. यासाठी यंत्र लागत नाही. चाचांनी खिशातून पीएमटीचं तिकीट काढलं (ती पीएमपीएमएल होऊन कितीतरी वर्षं झाली, पण चाचांच्या तोंडी ती पीएमटीच), घड्या घातल्या, रबराच्या मागच्या टोकाखाली ठेवलं, मला ब्रेक दाबून धरायला सांगितलं, पान्यानं नट आवळला, तिकीट ओढून काढलं. झालं. व्ही-ब्रेकच्या रबरांना वाटीसारखे वायसर असतात ते याचसाठी, रबर हवं तसं कलतं करता यावं म्हणून. जुन्या साध्या ब्रेकला ते नसतात. तिथं मेकॅनिक पान्यानं ब्रेकचा हातच किंचित वाकवतात. बघताना काळजाचा ठोका चुकतो, पण पद्धत तीच आहे.

रिंग त्यांनी भांड्याच्या साबणानं दोनदा धुतली, फडक्यानं कोरडी केली, मग स्पिरिटनं पुसली. रबरं मात्र तेल प्यायलेली, ती बदलावीच लागली. म्हणजे बघा, मूळ आवाजासाठी काहीही विकत घ्यायची गरज नव्हती. कण टोचून काढायचे, रबरांना पॉलिश पेपर घासायचा, कटोऱ्या आवळायच्या, तिकीट घालून रबरं बसवायची. जो खर्च झाला तो माझ्या स्प्रेचा.

चाळीस मिनिटं गेली. मी विचारलं, किती? ‘रबरांचे ऐंशी, मजुरीचे वीस.’

इथं माझा खरा राग सुरू होतो.

वीस रुपये. ज्या माणसानं आजार शोधला, कारण सांगितलं आणि एका पोराची मान वाचवली, त्याच्या अकलेचे वीस आणि रबराच्या चार तुकड्यांचे ऐंशी. बरं, हे वीसही आपण सहजासहजी देतो का? मी स्वतः याच टपरीवर, याच चाचांना म्हटलेलं आहे : ‘काय केलंत तुम्ही? दोन नट तर आवळले!’ आपण वस्तूचे पैसे देतो. कुठला नट आवळायचा हे ओळखण्याचे देत नाही. डॉक्टरनं गोळी न देता ‘काही नाही, पाणी जास्त प्या’ म्हटलं तरी आपण फी ठेवतो, कारण त्याच्या भिंतीवर पदवी टांगलेली असते. चाचांच्या भिंतीवर ट्यूब टांगलेली असते.

आणि निदानाला किंमत नसली की बाजार काय करणार? निदान करायचंच सोडून देणार. माझ्या स्वतःच्या सायकलला डिस्क ब्रेक आहेत. त्याच महिन्यात तेही कर्कश वाजायला लागले. मी काचेच्या दुकानात गेले. एसी, कॉफीचं मशीन, भिंतीवर लाखाच्या सायकली. काउंटरवरच्या मुलानं टॅबवर बघितलं. ‘मॅम, पॅड आणि रोटर दोन्ही चेंज करावे लागतील. सव्वीसशे प्लस लेबर.’ त्यानं चाक फिरवून बघितलं नव्हतं. ब्रेक दाबून बघितला नव्हता. आवाज नेहमी येतो की फक्त दाबल्यावर, पुढून की मागून, कधीपासून, यातलं एकही विचारलं नव्हतं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण ज्यानं काढली तो माझ्या आधी या दुकानात येऊन गेला असणार.

मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला शिकवलंच तेवढं असेल, आणि विक्रीचं टार्गेट वेगळं. दोष त्या रचनेचा आहे, जिच्यात शोधण्यापेक्षा बदलणं स्वस्त पडतं. दुकानाला स्वस्त. तुम्हाला नाही.

सायकल घरी आणली. डिस्कचं शास्त्र फार वेगळं नाही, फक्त तिला तेलाचं वावडं अजून जास्त. बोटाचा चिकटपणासुद्धा तिला सोसत नाही. माझी चूक पाच मिनिटांत सापडली. मी चेनवर तोच लाडका स्प्रे मारायची आणि त्याचा फवारा मागच्या डिस्कवर उडायचा. बाटलीतलं तेल थेंब थेंब टाकून वरचं पुसून घेतलं असतं तर हे झालंच नसतं. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली, मेडिकलमध्ये मिळतं. (करोनातला उरलेला सॅनिटायझर वापरू नका. त्यात बहुधा हातासाठी ग्लिसरीन असतं, म्हणजे पुन्हा चिकटा.) पॅड काढून पॉलिश पेपरवर घासले. फार तेल मुरलं असेल तर पॅड जातातच, माझे वाचले. मग कॅलिपरचे दोन बोल्ट सैल केले, ब्रेक दाबून धरला, तसाच दाबून बोल्ट आवळले. पॅड डिस्कच्या मधोमध आले.

शेवटचं काम दुकानं क्वचितच करून देतात, कारण त्याला रस्ता लागतो आणि वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी वीसच्या आसपास वेग घ्यायचा आणि चाक लॉक न करता, हळूहळू दाबत, चालण्याच्या वेगापर्यंत यायचं. असं पंधरा-वीस वेळा. पॅडच्या मसाल्याचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो आणि तिथून ब्रेक खरा लागायला लागतो. नवे पॅड टाकून हे केलं नाही तर नवेही किंचाळतात, आणि मग तुम्ही पुन्हा दुकानात. रविवारी सकाळी मी मैदानाच्या कडेनं अठरा फेऱ्या मारल्या. लोक बघत होते. आवाज गेला. सव्वीसशे वाचले.

हे मी आमच्या सायकल ग्रुपवर लिहिलं तर तिथले उत्तर आलं, ‘हायड्रॉलिकवर अपग्रेड कर ना.’ लायक्रावाल्यांवर माझं प्रेम आहे, मीही वर्षातून दोनदा त्यांच्याबरोबर सिंहगड चढते. पण आपल्या या मंडळींना प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुढच्या किमतीच्या पायरीवरच सापडतं. हायड्रॉलिक ब्रेक उत्तमच असतो. पण त्याच्याही पॅडवर तेल उडालं की तो तितकाच ओरडतो, फक्त जास्त महागात.

फ्रान्समध्ये 2020 साली लॉकडाउन उठताना सरकारनं सायकल दुरुस्तीसाठी प्रत्येकी 50 युरोपर्यंत मदत दिली. त्यात सुट्या भागांबरोबर कारागिराची मजुरीही धरली होती. मला पन्नास या आकड्याचं काही नाही, मजुरी धरली याचं आहे. आपल्याकडे 2022 मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि चार क्षेत्रं निवडली : शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. सगळी चर्चा स्पेअर पार्ट आणि कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांची. हवीच ती. पण सायकलला ना सॉफ्टवेअरचं कुलूप आहे, ना कुठली कंपनी तिचा नट लपवून ठेवते. सगळं डोळ्यांसमोर उघडं आहे, तरी आपण ती दुरुस्त करत नाही. हा हक्क आपल्याकडून कुणी हिरावला नाही, आपणच वीस रुपयांवरून घासाघीस करून तो घालवला. चाचांचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो. टपरीवर तो बसणार नाही, आणि का बसावं?

कुणी म्हणेल, म्हणजे पहाटेचा आवाज सहन करत बसायचं का? नाही. आवाज वाईटच होता. तान्ह्या मुलांच्या आयांची तक्रार खरी होती. पण तक्रार कुणाच्या झोपेची आणि जबाबदारी कुणाच्या मनगटाची, हे एकदा मांडून बघा. बारा मजल्यांच्या इमारतीतल्या एकालाही वाटलं नाही, की हा ब्रेक ओरडतोय तर बहुतेक बिघडलाय, आणि या ब्रेकवर एक अठरा वर्षांचं पोरगं रोज आपल्या रॅम्पवरून खाली येतंय. आम्हाला फक्त ऐकू आला. बुलेटचा फाटका सायलेन्सर ऐकू येतो तेव्हा आम्ही खिडकी लावतो. मालकाशी कोण भांडणार? पेपरवाल्याला ‘तेल घाल’ म्हणणं सोपं. त्याच्या सायकलीत काय बिघडलंय हे विचारायला खाली उतरावं लागतं. मी उतरले होते, तीही स्प्रे घेऊन.

तेव्हा तुमच्याकडे ओरडणारा ब्रेक असेल, तर आधी दोन दिवस नुसता ऐका. चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘शिक शिक’ होतं का? डिस्क वाकलीय किंवा रिंग आउट आहे. फक्त पावसात वाजतो आणि दोनदा दाबल्यावर थांबतो? ओला आहे, सोडून द्या. दाबल्यावर बारीक किंकाळी? घाण, चकचकीत रबर नाहीतर उलटं टोक. खरखर, लोखंड लोखंडावर घासल्यासारखी? तिथंच उतरा आणि सायकल ढकलत न्या, कारण पॅड संपलाय आणि आता धातूच धातूला खातोय. बऱ्याच डिस्कवर बारीक अक्षरांत 1.5 असं कोरलेलं असतं. डिस्क दीड मिलिमीटरपेक्षा पातळ झाली की ती बदलायचीच. तिथं काटकसर करू नका, मी बदलण्याच्या विरोधात नाही. आणि तेवढं जमत नसेल तर टपरीवर जा, आणि नुसतं ‘बघून’ दिल्याचे पैसे स्वतःहून द्या. मी चाचांना त्या दिवशी दोनशे दिले. त्यांनी शंभर परत केले. सध्या आमच्यात हा वाद चालू आहे.

मुलगा मे महिन्यात कामावर परत आला. मनगट पूर्ण वळत नाही अजून, पेपर डाव्या हातानं फेकतो. जूनच्या पहिल्या पावसात रिंग भिजली आणि पावणेसहाला ब्रेक वाजला. सहा वाजून दोन मिनिटांनी ग्रुपवर मेसेज : ‘पुन्हा सुरू झालं.’ मी लिहिलं, ‘रिंग ओली आहे. दोन-तीनदा दाबला की थांबेल.’ एकही अंगठा आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाली थांबले, हातात पॉलिश पेपर आणि फडकं. तो रॅम्पच्या वरच्या टोकाला आला, एक पाय टेकवला, ब्रेक दोनदा दाबून कान दिला आणि मग हळू खाली उतरला. मी पुढे झाले तसा त्यानं हँडल आपल्याकडे ओढून घेतलं.

‘राहू द्या ताई,’ तो म्हणाला. ‘मी करतो.’